ताप गाडीला की थर्मामीटरला?

थर्मामीटरने रुग्णाचा ताप एकशे दहा अंश दाखवला, तर डॉक्टर लगेच औषध लिहून देत नाहीत. ते रुग्णाच्या कपाळाला हात लावतात, थर्मामीटर झटकतात आणि पुन्हा लावून पाहतात. ताप खरा आहे की मोजणारे साधन बिघडले आहे, याचा निवाडा झाल्यावरच उपचारांना सुरुवात होते. डिझेल मोटारींच्या बाबतीत मात्र अनेकदा नेमके उलटे घडते. डॅशबोर्डवर पिवळा दिवा पेटतो, गॅरेजमधील स्कॅनर ‘एक्झॉस्ट गॅस टेम्परेचर सेन्सर’ असे नाव दाखवतो आणि तासाभरात तो सेन्सर बदलला जातो. दोन दिवसांनी दिवा पुन्हा पेटतो. वाहनधारकाचे काही हजार रुपये खर्च झालेले असतात आणि मूळ दोष जिथल्या तिथेच असतो.

हा सेन्सर आकाराने पेन्सिलीच्या टोकाएवढा. मात्र त्याच्या चुकीच्या निदानाची किंमत केवळ एका सुट्या भागापुरती मर्यादित राहत नाही. त्याने दिलेल्या माहितीवर गाडीतील सर्वांत महागड्या भागांपैकी एकाचे, म्हणजे धुरातील काजळी अडवणाऱ्या फिल्टरचे आयुष्य अवलंबून असते. त्यामुळे दोष सेन्सरचा, त्याच्या वायरचा, की इंजिनाचा, हे ओळखण्याची पद्धत वाहनधारकालाही ढोबळमानाने ठाऊक असणे हिताचे आहे.

तापमान मोजायचे कशासाठी?

देशात १ एप्रिल २०२० पासून नव्या वाहनांना ‘बीएस-६’ हे प्रदूषणविषयक निकष लागू झाले. डिझेल मोटारीतून प्रत्येक किलोमीटरमागे बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म कणांची मर्यादा पूर्वी २५ मिलिग्रॅम होती, ती ४.५ मिलिग्रॅमवर आली. नायट्रोजनच्या ऑक्साइडांची मर्यादा २५० मिलिग्रॅमवरून ८० मिलिग्रॅम झाली. हे निकष गाठण्यासाठी डिझेल मोटारींच्या धूर वाहून नेणाऱ्या नळीत ‘डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर’ म्हणजेच डीपीएफ बसवला जातो.

मधमाशांच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रे असलेला हा फिल्टर काजळी अडवतो. अडवलेली काजळी साठत गेली, की तो तुंबू लागतो. म्हणून ठरावीक अंतराने ती जाळून टाकावी लागते. या स्वच्छतेला ‘रिजनरेशन’ म्हणतात. काजळी झपाट्याने जळण्यासाठी सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमान लागते. बोरघाटाच्या चढावर किंवा द्रुतगती मार्गावर इंजिनावर सतत भार असताना धूर बराच तापतो आणि फिल्टरमधील थोडी काजळी आपोआप कमी होते. पण शहरातील सिग्नल ते सिग्नल अशा प्रवासात धुराचे तापमान बहुतांश वेळ दीडशे ते तीनशे अंशांच्या दरम्यान घुटमळते. अशा वेळी इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, नेहमीच्या ज्वलनानंतर थोडे जादा डिझेल सोडतो. ते फिल्टरच्या आधीच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळते आणि धुराचे तापमान हवे तेवढे चढते.

ही साफसफाई म्हणजे तारेवरची कसरत आहे. तापमान कमी राहिले तर काजळी जळत नाही. ते प्रमाणाबाहेर गेले तर फिल्टरला तडे जातात, प्रसंगी तो आतून वितळतो. संगणकाला हा समतोल साधता येतो तो केवळ तापमानाच्या सेन्सरमुळे. म्हणूनच एखाद्या सेन्सरची माहिती अविश्वसनीय वाटली, की बहुतेक गाड्यांचा संगणक रिजनरेशनच स्थगित करतो. फिल्टर भरत जातो, गाडीची ओढ कमी होते आणि अखेरीस ती ‘लिंप मोड’मध्ये, म्हणजे जेमतेम घरी पोहोचण्यापुरत्या ताकदीवर चालू लागते.

एकाच नावाचे अनेक सेन्सर

निदानातील पहिली चूक बहुधा येथेच होते. हा सेन्सर गाडीत एकच नसतो. काही गाड्यांत दोन, तर काहींत चार किंवा त्याहून अधिक असतात. एक टर्बोचार्जरच्या आधी, एक कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आसपास, एक डीपीएफच्या तोंडाशी आणि एखादा त्याच्याही पुढे, अशी त्यांची सर्वसाधारण मांडणी असते. पहिल्याचे काम प्रामुख्याने टर्बोला अतिउष्णतेपासून वाचवण्याचे, तर पुढच्यांचे काम साफसफाईवर नजर ठेवण्याचे.

स्कॅनरवरील कोड यांपैकी नेमक्या एकाचाच निर्देश करतो. पी ०५४४, पी ०५४५ आणि पी ०५४६ हे कोड पहिल्या क्रमांकाच्या सेन्सरच्या सर्किटसंबंधी असतात. पी २०३१, पी २०३२ आणि पी २०३३ हे दुसऱ्याच्या. क्रमांक सामान्यतः इंजिनाच्या बाजूने मोजले जातात. तरीही प्रत्येक कंपनीच्या मांडणीत फरक असू शकतो. त्यामुळे कार्यशाळा पुस्तिकेतील आकृती पाहिल्याशिवाय पान्याला हात लावू नये. हाताला सहज येतो म्हणून भलताच सेन्सर बदलला जाण्याची शक्यता येथे मोठी असते.

कोड म्हणजे निकाल नव्हे

दुसरी चूक कोडचा अर्थ लावताना होते. या कोडमध्ये ‘सर्किट’ हा शब्द महत्त्वाचा आहे. सर्किट म्हणजे सेन्सर, त्याच्या दोन वायर, कनेक्टर आणि संगणकाची पिन, असा सगळा मार्ग. त्यातील कोणत्याही ठिकाणी खंड पडला, तरी कोड तोच येतो. पोलिसांत तक्रार दाखल झाली म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असे नाही. तपास त्यानंतर सुरू होतो. येथेही तसेच आहे.

कोडचा शेवटचा आकडा तपासाची दिशा मात्र देतो. पी ०५४५ म्हणजे संगणकाकडे येणारे व्होल्टेज अपेक्षेपेक्षा कमी, आणि पी ०५४६ म्हणजे जास्त. व्होल्टेज जास्त असेल तर वायर तुटली असण्याची किंवा कनेक्टर सुटला असण्याची शंका प्रथम घ्यावी. ते कमी असेल तर वायरचे आवरण वितळून ती गाडीच्या धातूला टेकली असण्याची. पी २०८० आणि पी २०८४ हे कोड वेगळ्या जातीचे आहेत. सर्किट शाबूत आहे, पण सेन्सरने सांगितलेले तापमान परिस्थितीशी जुळत नाही, असा त्यांचा अर्थ होतो.

कोड पुसण्यापूर्वी ‘फ्रीझ फ्रेम’ नोंदवून ठेवणे आवश्यक असते. दोष आढळला त्या क्षणी वेग किती होता, इंजिन किती तापले होते, त्यावर भार किती होता, याची ती नोंद असते. घाईघाईने कोड पुसणे म्हणजे घटनास्थळाचा पंचनामा होण्याआधीच ते धुऊन काढण्यासारखे आहे.

थंड गाडीची परीक्षा

सर्वांत सोपी चाचणी फुकट असते. तिला फक्त एक रात्र लागते. गाडी संध्याकाळी उभी करावी आणि सकाळी इंजिन सुरू न करता केवळ इग्निशन चालू करून स्कॅनरवर सर्व तापमाने पाहावीत. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत इंजिनाचे कूलंट, आत येणारी हवा आणि धुराच्या नळीतील सेन्सर या सर्वांचे तापमान जवळपास सारखेच असायला हवे. सगळे २६-२८ अंश सांगत असताना एकच सेन्सर १४० अंश सांगत असेल, तर संशयित सापडला. एखादा उणे ४० किंवा थेट एक हजार अंश दाखवत असेल, तर ते तापमान नसून तुटलेल्या वा टेकलेल्या वायरची खूण असण्याची शक्यता अधिक.

या चाचणीला एक अपवाद आहे. काही सेन्सर थंड असताना इतका मोठा रोध दाखवतात, की संगणकाला नेमके तापमान वाचताच येत नाही. अशा गाड्यांत स्क्रीनवर एखादा ठरावीक किमान आकडा दिसतो. तो दोष नव्हे. तेथे इंजिन तापल्यानंतरचीच तुलना ग्राह्य धरावी.

पुढची पायरी इंजिन सुरू केल्यावरची. धूर ज्या क्रमाने पुढे सरकतो, त्या क्रमाने तापमाने चढायला हवीत. आधी इंजिनाजवळचा सेन्सर, मग कन्व्हर्टरचा आणि बऱ्याच वेळाने फिल्टरमागचा. स्कॅनरवर आलेखाची सोय असेल तर ही शर्यत डोळ्यांनी पाहता येते. एखादी रेषा सपाटच राहिली, तर तो सेन्सर किंवा त्याचे सर्किट निकामी आहे. एखादी रेषा १८० वरून एका क्षणात ७०० वर आणि पुन्हा १८० वर उडी मारत असेल, तर दोष विद्युत जोडणीत आहे. धुराची जाडजूड नळी, कन्व्हर्टर आणि फिल्टर इतक्या झटकन तापत नाहीत आणि निवतही नाहीत. आणि एखादी रेषा योग्य दिशेने पण इतरांच्या फार मागून चालत असेल, तर सेन्सरच्या टोकावर काजळीचा थर बसला असावा किंवा तो वयोमानाने मंदावला असावा.

मल्टिमीटर काय सांगतो?

यानंतर मल्टिमीटरचे काम सुरू होते. त्याआधी सेन्सर कोणत्या जातीचा आहे, हे पाहावे लागते. प्लॅटिनमच्या सेन्सरमध्ये तापमान वाढले की रोध वाढतो. मोटारींत प्रचलित असलेल्या एका प्रकारात शून्य अंशाला २०० ओहम, खोलीच्या तापमानाला सुमारे २२० ओहम आणि ६०० अंशांना सहाशे ओहमच्या पुढे असा रोध मिळतो. थर्मिस्टर जातीच्या बहुतेक सेन्सरमध्ये हे उलटे असते. ते तापले की रोध घटतो. तिसरा प्रकार थर्मोकपलचा. दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यात उष्णतेमुळे निर्माण होणारे अत्यल्प व्होल्टेज तो मोजतो. त्याच्यासोबत बहुधा स्वतंत्र इलेक्ट्रॉनिक पेटी असते आणि ती संगणकाशी आकड्यांच्या भाषेत बोलते. तेथे रोध मोजून काही निष्पन्न होत नाही. स्कॅनरच कामी येतो.

दोन वायरींच्या प्लॅटिनम किंवा थर्मिस्टर सेन्सरसाठी निवाडा करणारी चाचणी पुढीलप्रमाणे आहे. कनेक्टर सोडवावा. गाडीकडून येणाऱ्या बाजूला, इग्निशन चालू असताना, सिग्नलच्या वायरवर साधारण ५ व्होल्ट मिळायला हवेत. मग स्कॅनर पाहावा. कनेक्टर सुटा असताना आकडा एका टोकाला जायला हवा. त्यानंतर कार्यशाळा पुस्तिकेनुसार पिनांची खात्री करून त्या दोन पिना तारेच्या लहान तुकड्याने जोडल्या, की तो दुसऱ्या टोकाला जायला हवा. प्लॅटिनमच्या सेन्सरमध्ये सुटा कनेक्टर सर्वाधिक तापमान दाखवतो आणि जोडलेल्या पिना सर्वांत कमी. थर्मिस्टरमध्ये याच्या बरोबर उलट.

आकडा दोन्ही टोकांना गेला, तर संगणक आणि वायर दोन्ही निर्दोष आहेत आणि दोष सेन्सरचाच आहे. आकडा हललाच नाही, तर सेन्सर बदलून काहीही साध्य होणार नाही. वायरचा मार्ग तपासावा लागेल. पाच-दहा मिनिटांची ही चाचणी वगळली जाते म्हणूनच चांगले सेन्सर भंगारात जातात.

वायर तपासताना आपल्याकडील परिस्थितीचा विचार करणेही आवश्यक ठरते. पावसाळ्यात तुंबलेल्या रस्त्यांतून गेलेल्या गाडीच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरते आणि पिनांवर हिरवट गंज चढतो. इमारतीखाली दिवसेंदिवस उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदीर वायर कुरतडतात. सुटलेल्या चिमट्यामुळे वायर गरम नळीवर टेकून वितळते. खड्ड्यांत दोष उमटत असेल आणि सपाट रस्त्यावर नाहीसा होत असेल, तर इंजिन चालू ठेवून, गरम भागांपासून हात जपत, वायर हलक्या हाताने हलवावी आणि त्याच वेळी स्कॅनरवरील आकडा पाहावा. हलवताच आकडा उडाला, की जागा सापडली.

ताप खराच असेल तेव्हा

या सर्व चाचण्यांत सेन्सर निर्दोष ठरला, तर त्याचे म्हणणे ऐकून घेणे भाग आहे. कदाचित धूर खरोखरच गरजेपेक्षा जास्त तापत असेल. गळणारा इंजेक्टर, टर्बोच्या हवेच्या नळीला पडलेली चीर, तुंबलेला एअर फिल्टर किंवा आधीच काजळीने भरलेला डीपीएफ, ही त्यामागची नेहमीची कारणे. याउलट, सेन्सरच्या आधी धुराची नळी फुटली असेल तर तापमान अपेक्षेपेक्षा कमी दिसू शकते. फिल्टरच्या दोन्ही बाजूंचा दाब मोजणारा वेगळा सेन्सर असतो. त्याचा आकडा तापमानासोबत ताडून पाहिल्यास फिल्टर तुंबला आहे का, याचा अंदाज येतो.

अशा परिस्थितीत सेन्सर बदलणे म्हणजे घराला आग लागली असताना धोक्याची घंटा काढून टाकणे होय. काही ठिकाणी याहून घातक उपाय केला जातो. सेन्सरच्या जागी ठरावीक रोधाचा तुकडा जोडून संगणकाची फसवणूक केली जाते. दिवा विझतो, ग्राहक खूश होतो. पण त्यानंतर संगणकाला तापमान नेहमी एकच दिसत राहते. साफसफाई एकतर होत नाही किंवा आंधळेपणाने होते. साफसफाईसाठी सोडलेले जादा डिझेल नीट जळले नाही, तर त्याचा काही भाग सिलिंडरच्या भिंतींवरून ओघळून इंजिन ऑइलमध्ये मिसळतो. डिपस्टिकवर ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली आणि त्याला डिझेलचा वास येत असेल, तर ती धोक्याची सूचना समजावी. पातळ झालेले ऑइल बेअरिंगचे संरक्षण करू शकत नाही आणि काही हजारांचा प्रश्न इंजिनाच्या दुरुस्तीपर्यंत जातो.

डीपीएफच काढून टाकण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करण्यास मनाई आहे. शिवाय ज्या सूक्ष्म कणांना रोखण्यासाठी हा सारा खटाटोप झाला, ते पुन्हा रस्त्यावरील माणसांच्या फुप्फुसांत जाऊ लागतात. पीयूसी प्रमाणपत्र असल्याने सारे आलबेल आहे, असा समज करून घेणेही योग्य नाही. डिझेल गाडीच्या पीयूसी चाचणीत धुराची घनता मोजली जाते. तापमानाच्या सेन्सरची प्रकृती तीत कळत नाही.

बदलायचाच असेल तर

दोष सेन्सरचाच आहे हे सिद्ध झाल्यावर तो बदलणे वरकरणी सोपे आहे, पण त्यातही खाचखळगे आहेत. वर्षानुवर्षे शेकडो अंशांत तापलेले आटे घट्ट बसलेले असतात. गंज सैल करणारे तेल आदल्या दिवशी सोडावे आणि वायर बाहेर येण्यासाठी खाच असलेला सॉकेट वापरावा. जोर लावून आटे मोडले, तर नळीच उतरवावी लागते. नवा सेन्सर त्याच भाग-क्रमांकाचा असावा. दिसायला सारखा पण वेगळ्या जातीचा सेन्सर बसवल्यास संगणक त्याचा रोध चुकीच्या कोष्टकाने वाचतो. आट्यांना उष्णतारोधक ग्रीस लावायचे असल्यास ते टोकाला लागू देऊ नये. टॉर्क रेंचने पुस्तिकेत दिल्याइतकेच आवळावे आणि वायरला पीळ पडू देऊ नये.

काम संपल्यावर कोड पुसून, गाडी थंड असताना आणि तापल्यानंतर पुन्हा तापमाने पाहावीत. सेन्सर नादुरुस्त असताना फिल्टरमध्ये साठलेली काजळी तशीच असते, हे विसरू नये. तिचे प्रमाण कंपनीने ठरवलेल्या मर्यादेत असेल तर कार्यशाळेत स्कॅनरच्या साह्याने रिजनरेशन करून घ्यावे. प्रमाण मर्यादेपलीकडे गेले असेल तर ते करू नये. इतकी काजळी एकदम पेटली तर फिल्टरच नष्ट होऊ शकतो.

वाहनधारकाने हे सर्व स्वतः करावे, अशी अपेक्षा नाही. धुराची नळी भाजून काढते आणि बंद गॅरेजमध्ये चालू ठेवलेले इंजिन प्राणघातक ठरते. पण ‘सेन्सर गेला आहे’ असे सांगितले गेल्यावर ‘हे कशावरून ठरवले?’ असा साधा प्रश्न त्याला विचारता येईल. ज्या मेकॅनिकने चाचणी केली आहे, तो आकडे दाखवील. ज्याने केली नाही, तो केवळ कोड दाखवील. या दोन उत्तरांतील फरक ओळखता आला, तरी अर्धे निदान झाले.

गॅरेजमध्ये विचारावयाचे प्रश्न

- कोड कोणत्या क्रमांकाच्या सेन्सरचा आहे आणि तो गाडीत नेमका कोठे आहे?
- कोड पुसण्यापूर्वी फ्रीझ फ्रेमची नोंद घेतली का?
- थंड गाडीत सर्व सेन्सरची तापमाने किती दिसली?
- कनेक्टर सोडवून आणि पिना जोडून पाहिल्या का? आकडा हलला का?
- फिल्टरमध्ये काजळी किती साठली आहे? दाबाचा सेन्सर काय सांगतो?
- इंजिन ऑइलची पातळी वाढली आहे का?
- काढलेला जुना सेन्सर परत मिळेल का?